आयर्विनला किती? : शहर, मोबाइल आणि पलीकडून उत्तर देणारा माणूस

मिरजेहून एका तरुणीने प्रश्न पाठवला आहे. ती नगररचना शिकते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: सोल, सिंगापूर, जकार्ता, हांगझोऊ या शहरांत मोबाइल आणि डेटामुळे रोजचं जगणं आणि कारभार दोन्ही बदलले, असं वर्गात शिकवतात. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडचं नाव तर स्मार्ट सिटीच्या शंभर शहरांतही नव्हतं. मग आपण मागे पडलो का? आणि आपल्याएवढ्या शहराने आता काय करायला हवं?

मी १९९९ पासून पंचवीस वर्षं कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यातल्या नगरपालिकांमध्ये संगणक प्रणाली बसवण्याचं काम केलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, पाणीपट्टी, आणि शेवटची काही वर्षं तक्रार निवारण. राहायला सांगलीतच, गावभागात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, आणि उत्तर लांबलं तर समजून घ्या.

यादीत नाव नव्हतं म्हणून आपलं फार अडलं असं मला वाटत नाही. स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं, मार्च २०२५ मध्ये संपलं. शेजारचं सोलापूर यादीत होतं, पुणे होतं, आपण नव्हतो. पण त्याच दहा वर्षांत सांगलीच्या माणसाचा दिवस बदलला तो कुठल्याही यादीशिवाय. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली, आणि बघता बघता मारुती चौकातल्या भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर क्यूआरचा चौकोन आला. मार्केट यार्डातला हमालसुद्धा आता सुट्ट्या पैशांसाठी थांबत नाही. सातबारा काढायला तलाठ्याच्या मागे फिरणं संपलं, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घरी निघतो. हे सगळं सोलच्या माणसाला मिळतं तेवढंच आपल्यालाही मिळालंय.

आपण मागे आहोत ते दुसऱ्या ठिकाणी. पडद्यावर बटण दाबल्यावर पलीकडे उत्तर द्यायला बांधलेला माणूस कोण, त्याचं नाव काय, त्याने उत्तर दिलं नाही तर पुढे काय, हे आपण ठरवलेलं नाही. आशियातल्या ज्या शहरांचं नाव तुम्ही घेता, त्यांत जिथे जिथे खरा फरक पडला, तिथे हा माणूस आधी ठरला होता. जिथे तो ठरला नाही, तिथे सिंगापूर काय आणि सांगली काय, लोकांना त्रासच झाला. मी जे पाहिलंय त्यातून हे सांगतो.

आधी नावांची गोष्ट. वर्गात ही कोणी शिकवणार नाही, पण माझी निम्मी नोकरी हिच्यात गेली. आपल्याकडे एकाच माणसाची किती नावं असतात बघा. जन्माच्या नोंदीत बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळासो, सातबाऱ्यावर बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळकृष्ण, आणि गल्लीत आप्पा. वही होती तोवर यात काही अडत नव्हतं, कारण वही लिहिणारा कारकून त्याच गावचा. त्याला माहीत असायचं की हे चौघे एकच आहेत. संगणकाला ते माहीत नाही. त्याच्या लेखी ती चार माणसं.

त्यात भर पडली फॉन्टची. सुरुवातीला आम्ही सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जात, उच्चाराच्या क्रमाने नाही. पुढे ती माहिती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, न्यायची वेळ आली तेव्हा रफार एक घर सरकला. कुलकर्णींचे ‘कुलकणीर्’ झाले, कर्मचारी ‘कमर्चारी’ झाले. एका नगरपालिकेत मी आणि दोन मुलं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून हजारो नावांवरचे रफार जागेवर आणत होतो. एवढं करूनही सगळे आले नाहीत. काही वर्षांनी एक गृहस्थ माझ्याकडे आले, मुलीचा पासपोर्ट अडला होता. दाखल्यावर आडनावातला रफार चुकीच्या अक्षरावर. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण ती आमच्या हातची चूक होती आणि खेटे ते मारत होते.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. जपानमध्ये २००७ साली उघडकीला आलं की निवृत्तिवेतनाच्या सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्या, तेच जुळत नाही. १९९७ साली त्यांनी सगळ्या नोंदी एका क्रमांकाखाली आणायला घेतल्या होत्या. जपानी नावांतल्या चित्राक्षरांचे उच्चार एकाहून जास्त असतात, नोंद करणाऱ्यांनी ते अंदाजाने टाकले, लग्नानंतर बायकांची आडनावं बदलली ती जोडलीच गेली नाहीत. आयुष्यभर हप्ते भरलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘तुमची नोंद सापडत नाही’ असं ऐकावं लागलं. पण तिथे पुढे काय झालं ते बघा. सरकारला नोंदी शोधण्याची जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागली, लोकांना घरपोच पत्रं पाठवून ‘या नोंदी तुमच्या आहेत का’ असं विचारावं लागलं. कार्यालय माणसाकडे गेलं. आपल्याकडे आजही माणूसच कार्यालयाकडे जातो, आणि चूक कार्यालयाची असली तरी प्रतिज्ञापत्राचा खर्च त्याचा.

सातबाऱ्यातली लिहिण्याची चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे. जन्माच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायला १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ आहे. म्हणजे कायदा आहे. पण दुरुस्तीची खिडकी कुठे आहे, तिथे कोण बसतं, किती दिवसांत काम होतं, हे सर्वसामान्य माणसाला कळत नाही. आता तर १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा असं ठरलंय. शाळा, मतदार यादी, वाहन परवाना, सगळीकडे तोच चालणार. याचा अर्थ आज प्रसूतिगृहातून नाव चुकीचं गेलं तर ते बाळ अठरा वर्षांचं होईपर्यंत ती चूक प्रत्येक दारात आडवी येणार. म्हणून शहराने एक काम करायचं तर काय, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, ॲप नंतर काढा, आधी नाव दुरुस्तीची एक चांगली खिडकी उघडा. चूक कार्यालयाची असेल तर ती फुकट आणि सात दिवसांत दुरुस्त करून द्या.

आता अंगठ्याचं. मार्केट यार्डाजवळ हळद निवडायला जाणाऱ्या एक आजी आमच्या ओळखीच्या आहेत. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती हळद ज्या हातांतून जाते त्या हातांचं काय होतं ते जवळून बघायला हवं. पस्तीस-चाळीस वर्षं वाळलेली हळकुंडं चोळून, निवडून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. रेषा उरलेल्याच नाहीत, नखांच्या कडांना कायमचा पिवळा रंग. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. मग तर्जनी, मग दुसरा हात. दुकानदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ‘‘आजी, उद्या सकाळी या, सकाळी बोट उठतंय.’’ आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आवो साहेब, माझं बोट उठंना म्हंजी मी मेली का काय?’’

या वाक्याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर कागदावर होतं. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवायचं नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंदवहीत लिहून ते द्यायचं, असं केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कळवलं होतं. मोबाइलवर ओटीपी घेता येतो, नवीन यंत्रांत डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटते. पण दुकानदाराला ते कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. आणि यंत्राला डावलून धान्य दिलं तर आपल्यावर बालंट येईल ही त्याला भीती. यंत्र ‘नाही’ म्हणालं तर ‘हो’ म्हणायचा अधिकार कोणाचा, हे त्या दुकानात कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० साली दिला गेला. इतक्या वर्षांत हा एवढा साधा फलक प्रत्येक दुकानात लागायला हवा होता.

तक्रारींकडे येतो, कारण नगररचनेच्या विद्यार्थिनीने सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं असं मला वाटतं.

सोल शहराने १९९९ साली एक प्रणाली आणली. तेव्हा तिथे स्मार्टफोन नव्हते, घरोघरी इंटरनेटही पोचायचं होतं. बांधकाम परवाने, व्यवसाय परवाने यांत चिरीमिरी फार चालायची. महापौर गोह कुन यांनी ठरवलं की अर्ज आला की तो कुठल्या टेबलावर आहे, कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती वाजता आला आणि पुढे कधी सरकणार, हे अर्जदाराला घरबसल्या दिसलं पाहिजे. एवढंच. त्यात कुठलीही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. पण अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ उघड्यावर आल्याबरोबर कागद दाबून ठेवण्याची सोय गेली. मला विचाराल तर आशियातल्या शहरांत आजवर झालेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. बाकी सगळा डामडौल नंतरचा.

याच्या उलटं जकार्तात झालं. २०१४ च्या अखेरीस तिथे स्मार्ट सिटीचं काम सुरू झालं, लोकांनी खड्डा, कचरा, पाणी यांचे फोटो टाकायचे आणि अधिकाऱ्यांनी सोडवायचे असं क्लू नावाचं ॲप आलं. सुरुवात चांगली झाली. मग प्रशासनाने गल्लीप्रमुखांना, म्हणजे तिथले जे बिनपगारी, लोकांनी निवडलेले शेजारप्रमुख असतात त्यांना, रोज तीन तक्रारी या ॲपवर टाकायची सक्ती केली आणि त्यांचा भत्ता त्याला जोडला. २०१६ साली ते सगळे खवळले. त्यांचं म्हणणं असं, की गल्लीतलं भांडण मिटवणं, म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणं ही आमची कामं; तीनाचा आकडा भरायला आम्ही रोज खड्डे शोधत फिरायचं का? सक्ती मागे घ्यावी लागली. आकडा भरायचा म्हणून भरला की तो खोटा होतो, हे मी इथेही पाहिलंय.

कुठे, ते नाव घेत नाही. एका शहरासाठी आम्ही तक्रारींची प्रणाली केली. आठवड्याला अहवाल निघायचा, किती आल्या, किती ‘निकाली’. तीन महिन्यांत निकाली निघण्याचं प्रमाण इतकं वर गेलं की वरिष्ठांनी कौतुक केलं. मला मात्र ते पटेना. मी वीस तक्रारी निवडल्या आणि मोटारसायकल काढून एकेका पत्त्यावर गेलो. एका बोळात गटार तुंबल्याची तक्रार तीनदा आली होती, तिन्ही वेळा निकाली. गटार तसंच, वर पत्र्याचा तुकडा टाकून वाट केलेली. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘‘मेसेज येतोय ओ झालं म्हणून. आम्ही मेसेज बघतोय आन् गटार बघतोय.’’ घरी येऊन मी प्रणालीत एक बदल सुचवला: तक्रार बंद करायचा अधिकार ज्याने ती केली त्यालाच द्या, त्याने सात दिवसांत काही कळवलं नाही तरच ती आपोआप बंद होऊ द्या. तो बदल मान्य व्हायला दीड वर्ष लागलं. मान्य झाल्यावर निकालीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि माझ्या मते तेव्हा ती प्रणाली पहिल्यांदा खरं बोलायला लागली.

तुमच्या हाती एक हत्यार आहे ते मात्र विसरू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळालीच पाहिजे, त्यावर क्रमांक आणि मुदत असते. पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ते काम करून द्यायला नेमलेला माणूस, ठरलेला असतो. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, पुढे दुसरं, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे सोलने जे यंत्राने केलं त्याचा पाया आपल्याकडे कायद्याने घातलेला आहे. पण सेवा केंद्रात बसलेल्या दहा जणांना विचारा, पोचपावती किती जण जपून ठेवतात? केंद्रवाल्या मुलाने फोनमध्ये फोटो काढलेला असतो, आणि तो फोन त्याचा असतो.

हा केंद्रवाला मुलगा, हा आजच्या सांगलीतला महत्त्वाचा माणूस आहे. पूर्वी कचेरीच्या बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे. आता ती जागा याने घेतली. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा या मुलांच्या दुकानांसमोर सकाळी सहापासून बायकांची रांग असायची. घरात फोन एक, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. आधारला जोडलेला नंबर जुना, सिम कधीच बंद पडलेलं. ओटीपी जाणार कुठे? त्या काळात मी एका केंद्रात आठवडाभर मदतीला बसलो होतो. सगळ्यात जास्त वेळ अर्ज भरण्यात गेलाच नाही, तो गेला कोणाचा नंबर कुठे जोडलाय हे शोधण्यात. बाईच्या नावावरचे पैसे बाईच्याच हातात पडावेत म्हणून सगळी रचना, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये. नगररचना शिकताना घरांचं सर्वेक्षण कराल तेव्हा ‘घरात किती फोन’ असं विचारून थांबू नका. कोणता फोन कोणाच्या हातात, कोणत्या वेळी, हेही विचारा.

आता पुराचं बोलू. सांगलीच्या माणसाने या विषयावर बोलायचं आणि कृष्णेचं नाव घ्यायचं नाही हे होणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे एकच प्रश्न असतो: आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं? चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. हा आकडा आता दर तासाला फोनवर येतो. कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पातळी, सगळं येतं. खोऱ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत. माहितीची वाण आता फारशी राहिलेली नाही. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं? पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि हजारो माणसं घरात अडकली.

आमच्या शेजारचे काका निघायला तयारच नव्हते. त्यांचं एकच म्हणणं, ‘‘२००५ ला पायरीला लागलं नव्हतं.’’ त्यांच्या डोक्यात चौदा वर्षांपूर्वीची एक पक्की रेघ होती आणि फोनवरचा आकडा त्या रेघेला हलवू शकला नाही. बावन्न फूट म्हणजे माझ्या दारात किती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पाणी आलं तेव्हा रात्र होती, वीज गेलेली. आधी फोनची बॅटरी संपली, मग रेंज गेली. त्याआधी शेवटचा जो संदेश सगळ्यांच्या फोनवर फिरला तो कुठलंसं धरण फुटल्याचा, निखालस खोटा. त्या खोट्या संदेशावर लोक पळाले आणि खऱ्या आकड्यावर बसून राहिले. मी माझ्या धंद्याचा इतका विचार कधी केला नसेल जितका त्या रात्री गच्चीवर बसून केला. आम्ही आकडे लोकांपर्यंत पोचवले होते, अर्थ पोचवला नव्हता.

जकार्ताही पुराचं शहर. ॲपवरून मी त्यांच्यावर मघाशी टीका केली, पण पुराच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार आहे. २०१४ च्या अखेरीस तिथे ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठाने आणि जकार्ताच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याने मिळून पुराचा जिवंत नकाशा केला. तिथले लोक ट्विटरवर सतत असायचे. कोणी ‘बंजीर’, म्हणजे त्यांच्या भाषेत पूर, असा शब्द लिहिला की त्याला आपोआप उत्तर जायचं: तुमच्याकडे पाणी आलंय का, जागा कळवा. त्याने कळवलं की तो ठिपका नकाशावर. तो नकाशा लोकांनाही दिसायचा आणि खात्याच्या नियंत्रण कक्षातही. लोक आधीच जे बोलत होते त्यालाच कान दिला, नवीन ॲप उतरवून घ्या असं सांगितलं नाही, आणि ऐकणारं खातं ठरलेलं होतं. पुढे हीच पद्धत इंडोनेशियाभर नेली.

आपल्याकडे ‘आयर्विनला किती’ हे लोक आधीच बोलतात. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर इथल्या लोकांना कोणी सांगावं लागत नाही, ते आपले गाद्या-गोधड्या माळ्यावर टाकायला लागतात. म्हणजे फुटाचं घराशी नातं लोकांच्या डोक्यात आहे. ते शहरभर, गल्लीगल्लीचं लिहून काढलं आणि प्रत्येकाच्या फोनवर ‘तुमच्या कोपऱ्यावर पाणी यायला अजून इतके फूट बाकी’ असा संदेश गेला, त्याखाली वॉर्डातल्या जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर असला, तर तो आमच्या काकांनाही हलवू शकला असता. आणि फोन बंद पडल्यावरही चालेल असं काहीतरी हवं, हे मी २०१९ नंतर प्रत्येक बैठकीत सांगत आलोय: भिंतीवरची रेघ, गल्लीतला भोंगा, गणपती मंडळांची पोरं. मंडळांची पोरं हे आपल्याकडचं असं जाळं आहे जे कुठल्याही टॉवरवर अवलंबून नाही. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा बऱ्याच भागांत लोक वेळेत निघाले, त्यात दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीचा जितका वाटा तितकाच या पोरांचा.

कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे माणसांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण नगररचनेच्या माणसाने विचारायला हवं. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये कोण कोणाच्या जवळ आलं हे टिपणारं ट्रेसटुगेदर नावाचं कोविडचं ॲप आणलं. साथ रोखण्यापलीकडे ही माहिती वापरणार नाही असं लोकांना सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झालं की पोलिसांना गुन्ह्याच्या तपासासाठी ती घेता येते. लोक दुखावले. पुढच्याच महिन्यात तिथे कायदा करून तो वापर फक्त गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. चीनमध्ये फोनवर आरोग्याचा हिरवा-पिवळा-लाल कोड आला तो हांगझोऊतून, फेब्रुवारी २०२०. हिरवा असला तर फिरायचं, लाल झाला तर फिरणं बंद. २०२२ च्या जूनमध्ये हनान प्रांतातल्या ग्रामीण बँकांमध्ये पैसे अडकलेले ठेवीदार झेंगझोऊला, म्हणजे प्रांताच्या राजधानीला, जाब विचारायला निघाले, तर त्यांचे कोड लाल झाले. आजार नव्हता कोणालाच. १,३१७ ठेवीदारांच्या बाबतीत हे घडलं, आणि त्याबद्दल अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. आपल्याकडे कुठल्याशा बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवी अडकल्या आणि माणसं मोर्चा घेऊन निघाली, हे चित्र सांगलीकराला वेगळं सांगायला नको. त्या मोर्चातल्या माणसाच्या फोनवर एक रंग बदलून त्याला स्टँडवरच थांबवता येणं किती भयंकर आहे, याचा विचार करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात सरकारला सवलती भरपूर आहेत. म्हणून शहराने कॅमेरा लावताना त्याचं चित्रण किती दिवस ठेवणार, कोण बघणार, कोणाच्या लेखी आदेशाने, हे सभागृहात ठराव करून ठरवावं असं माझं ठाम मत आहे. ठराव करायला सभागृह असावं लागतं. राज्यातल्या बहुतेक महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, त्या काळात ॲपं बरीच आली, पण ती कशी वापरायची यावर लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारा नगरसेवक जागेवर नव्हता.

तुम्ही काय करावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एक सोपं, करण्यासारखं सुचवतो. सोलने २०१३ साली रात्रीच्या बस सुरू केल्या, लोक त्यांना घुबड बस म्हणतात. मार्ग ठरवताना त्यांनी एका दूरसंचार कंपनीकडून रात्रीच्या सुमारे ३०० कोटी फोन कॉल्सची माहिती घेतली. कोणाचं नाव नाही, गाव नाही. रात्री बारानंतर कोणत्या भागातून फोन होतात आणि ती माणसं राहतात कुठे, एवढंच. कामावरून उशिरा सुटणाऱ्यांची गर्दी जिथे दिसली तिथून बस काढली. आपल्या मिरज जंक्शनवर रात्रीच्या गाड्या उतरतात, दवाखान्यांतले नातेवाईक रात्री-बेरात्री बाहेर पडतात, कुपवाडच्या कारखान्यांतली पाळी सुटते. ही माणसं त्या वेळी कशी घरी जातात, किती रुपये देतात, बायका एकट्या असल्या तर काय करतात? यासाठी तीनशे कोटी कॉल्स नकोत. चार मैत्रिणी, दोन आठवडे, स्टेशनच्या बाहेर एक वही, एवढ्यात निघेल. वहीत नावं लिहू नका, फक्त कुठून कुठे आणि किती वाजता.

आणि पावसाळ्याआधी एकदा सांगलीत या. आमच्या भागातल्या एका विजेच्या खांबावर २०१९ नंतर मंडळाच्या पोराने तेलरंगाने आडवी रेघ मारून ‘आयर्विन’ असं लिहून पुढे फुटांचा आकडा टाकलाय. म्हणजे पुलाला तेवढं पाणी झालं की ते या रेघेवर असतं. अशा रेघा त्याने सात खांबांवर मारल्या, मग रंग संपला. उरलेल्या खांबांसाठी मोजपट्टी आणि रंगाचा डबा मी आणून ठेवतो, कोणत्या दारात पाणी कुठवर होतं हे काका स्वतः दाखवतील.